चढावरचा हात

एका हाताने सायकल चालवणं म्हणजे काय मोठं, असं म्हणणारे मला रोज भेटतात. पंक्चर काढायला दुकानावर येतात, दुसऱ्या हातात मोबाईल असतो, आणि वरून मलाच शिकवतात. मी म्हणतो, जोरात कोणीही चालवेल रे बाबा. तीच सायकल म्हाताऱ्या माणसाच्या चालीने चालवून दाखव. पुढे माणसं पायी चाललीत, त्यांच्या मागेच राहायचं, पाय टेकायचा नाही आणि दुसऱ्या हातात काठी उभी धरायची. बघ कितीक लांब जातोस ते. आमच्या पारोळ्यात हे एकालाच जमलं, चुडामणला. त्याच्याबद्दल लोक भलतंच बोलतात, आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून सांगायला बसलो.

मी सुकदेव. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं सायकलीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक पत्र्याची टपरी, हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं. सायकली कमी झाल्या तरी मी उठलो नाही. लोक मला आबा म्हणतात, तोंडाचा फटकळ म्हणतात, आणि दोन्ही खरं आहे.

चुडामण बाजार समितीत हमाल होता. मक्याची, ज्वारीची पोती पाठीवर घेऊन गाडीत चढवायची, उतरवायची. तरुणपणी पोतं पाठीवर घेऊन गाणं म्हणायचा, मी ऐकलंय. मग उजव्या गुडघ्याने दगा दिला. धुळ्याच्या डॉक्टरने सांगितलं, ओझं बंद, लांब चालणंही बंद, सायकल चालवली तर चालेल. चालताना तो असा लंगडायचा की बघवायचं नाही, आणि सायकलवर बसला की कोणाला कळायचंही नाही की याचा पाय अधू आहे. मग घर त्याच्या बायकोने, ज्योतीने, अंगावर घेतलं. फुलचंद शेठच्या धान्याच्या दुकानात ती झाडलोट करायची, धान्य चाळायची. पोरगी मेघा धुळ्याला, देवपूरला राहून शिकत होती, आणि हिचं सगळं लक्ष तिच्यात.

फुलचंद शेठ जैन. त्यांच्यातल्या साध्वी गावोगाव पायी फिरतात, वाहनात बसत नाहीत, पायात चप्पलही घालत नाहीत. लोक त्यांना महासतीजी म्हणतात. त्यांच्यातल्या एक फार म्हाताऱ्या होत्या, चेलनाजी. माहेरच्या दोंडाईचाच्या, तिथल्या एका व्यापाऱ्याची मुलगी, लहान वयात दीक्षा घेतलेली. पायातलं बळ गेलं तेव्हा त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून न्यायची वेळ आली. ती खुर्ची ढकलायला बाईच लागते. साध्वीला पुरुषाचा स्पर्श चालत नाही, त्या बसलेल्या खुर्चीलाही चालत नाही. एवढंच नाही, एखाद्या बाईने खुर्ची धरली आणि त्या बाईला पुरुषाने धरलं, तरी तो स्पर्श लागतो. मग त्याचं प्रायश्चित्त साध्वीला घ्यावं लागतं. त्यांचे नियम त्यांच्याजवळ, आपण कोण बोलणारे. शेठने ज्योतीला विचारलं, खुर्ची ढकलशील का, आणि ज्योती हो म्हणाली.

ती आनंदाने जायची, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. अमळनेर, चोपडा, एरंडोल, कुठे कुठे जाऊन आली. चेलनाजी तिच्याशी आपल्या बोलीत बोलायच्या, दोंडाईचाच्या बाजाराच्या आठवणी काढायच्या, आणि ज्योती परत आली की ते सगळं माझ्या टपरीसमोर उभी राहून हातवारे करून सांगायची. इकडे चुडामणचा मात्र जीव टांगणीला. महामार्गावर मागून ट्रक येतात, कंटेनर येतात, केळीच्या पिकअप तर अशा सुटतात की कोणी मागे लागलंय. खुर्ची ढकलणाऱ्या बाईला मागचं काही दिसत नाही. विहारात म्हणजे त्या पायी प्रवासात कुठे कुठे अपघात झाले, ते तो पेपरात वाचायचा आणि पेपर घडी करून ठेवून द्यायचा.

एके दिवशी तो टपरीवर आला आणि म्हणाला, "आबा, झेंडा धरीसन सायकल चालाडनी शे. शिकाडशात का?"

आधी मला वाटलं, कुठल्या मिरवणुकीत जायचंय याला. मग त्याने सांगितलं. शेठला विचारून आला होता. खुर्चीच्या मागे, थोडं अंतर सोडून, लाल झेंडा घेऊन तो सायकलवर जाणार. लांब पायी चालवत नाही म्हणून सायकल. मागून येणाऱ्या गाडीला लांबूनच झेंडा दिसला पाहिजे, म्हणजे ज्योती दिसली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. मी म्हणालो, सायकलवर बस म्हणजे झालं.

कुठलं काय झालं. हमालाचं अंग, सगळं काम जोरावर करायची सवय. एका हाताने हँडल धरलं की तो ते असं आवळायचा की जणू पोत्याचं तोंड धरलंय. जेवढं आवळाल तेवढं हँडल वळवळतं. बाजार समितीच्या मोकळ्या आवारात सुटीच्या दिवशी आम्ही जायचो. मी सीट खाली घेतली, चाकं सरळ केली, मागचा ब्रेक नवा बसवला. त्याला सांगितलं, डावा हात हँडलवर, कारण मागचा ब्रेक डाव्या हाताला आहे. एका हाताने पुढचा ब्रेक दाबलास तर सायकल तुला तोंडावर आपटेल. आणि उजवा हात गाड्यांच्या बाजूला, म्हणजे झेंडा त्यांच्या डोळ्यांसमोर.

आधी नुसतं उजव्या हाताची बोटं सैल करायची. मग हात मांडीवर ठेवायचा. मग खांद्याएवढा वर. हळू चालवायची तर पायडल मारणं बंद करायचं नाही, पायडल मारत राहायचं आणि मागचा ब्रेक जरासा धरून ठेवायचा, म्हणजे सायकल ताणलेली राहते, डुलत नाही. हे त्याच्या डोक्यात शिरेना. हळू म्हटलं की पाय थांबवायचा आणि धपकन आडवा. ज्योती दुकानातून सुटली की डबा हातात घेऊन कडेला उभी राहायची आणि हसायची. तिने एकदा मला विचारलं, आबा, सायकल शिकवताय का कुस्ती? चुडामण धूळ झटकत उठला आणि तोही हसला, पण त्याच्या कानशिलाखाली खरचटलं होतं.

"चाककडे दखू नको," मी त्याच्यावर ओरडलो. "जठे जानं शे, तठे दख."

मग मी एक युक्ती केली. ज्योतीला म्हणालो, तू पुढे चाल, तुझ्या चालीने, मागे वळू नकोस. आणि त्याला म्हणालो, हिच्या पाठीकडे बघ, दुसरीकडे कुठेही बघायचं नाही. काय सांगू, त्या दिवशी तो पडला नाही. ती आवाराला वळसा घालून आली, तिच्या मागे हा आला, एक हात वर, झेंडा फडफडतोय, आणि तोंडावर असा भाव की कोणी बोलू नका. त्याला जो काय तोल सापडला, तो तिच्या पाठीत सापडला. नंतर वारं आलं की झेंडा हात ओढायचा, तेही त्याने जमवलं. कोपर सैल सोडायचं आणि वाऱ्याला थोडं देऊन टाकायचं.

पहिल्या विहारात तो एरंडोलपर्यंत गेला आणि पाय न टेकता गेला, असं सांगत आला. माझा काही विश्वास बसला नाही, मी त्याचे टायर बघितले, चपला बघितल्या. चपलेचा पुढचा भाग घासलेला नव्हता. मग मान्य केलं. गावात त्याला झेंडेवाला म्हणू लागले. ज्या माणसाला हमाली गेल्यापासून कोणी हाक मारत नव्हतं, त्याला शेठच्या दुकानात चहा मिळू लागला. चांगले दिवस होते ते, मी नाही म्हणणार नाही.

आता जे सांगतोय ते त्याने मला एकट्याला सांगितलं होतं.

रस्ता सपाट असला तर खुर्ची हलकी जाते. पण हल्ली महामार्गावर ठिकठिकाणी उड्डाणपूल झालेत, लांब चढाचे. चढावर माणूस बसलेली खुर्ची म्हणजे पोत्याइतकीच जड, वर ती मागे सरकते. ज्योतीचा श्वास मोठा व्हायचा. मागे असलेल्या चुडामणला तो ऐकू यायचा. बाकीच्या साध्वी पुढे निघून गेलेल्या, सोबतीची पोरं मोटारसायकलवर पुढच्या मुक्कामाला. खुर्चीला हात लावायची सोय नाही. मग एका चढावर त्याने झेंडा मागे कॅरिअरला आडवा खोचला, सायकल डाव्या कडेने तिच्या जवळ घेतली, आणि उजवा तळहात ज्योतीच्या पाठीवर ठेवून जोर लावला. डाव्या हातात हँडल, उजव्या हाताखाली बायकोची पाठ, आणि तिच्या हातात खुर्ची.

ती दचकली. मागे न बघता दबक्या आवाजात त्याला रागावली, हात काढा म्हणाली, महासतीजींना दोष लागेल म्हणाली. त्याने काढला नाही. चार पावलांनी तीही गप्प झाली. वर पोचल्यावर तिने त्याच्याकडून वचन घेतलं, हे महासतीजींना कधीच कळू द्यायचं नाही, म्हाताऱ्या जिवाला यासाठी उपास पडायला नकोत. आणि पुढच्या चढावर तिनेच पावलं हळू केली, तो जवळ यायची वाट बघत.

हे सांगताना तो पोरासारखा लाजत होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पोरगी कॉलेजात गेली, आणि चार लोकांत या दोघांनी एकमेकांच्या सावलीलाही हात लावला नव्हता. आमच्याकडे तसंच असतं. आणि आता महामार्गावर, भर सकाळी, चढ असेपर्यंत हात पाठीवर. तो म्हणाला, "आबा, इतली थंडी व्हती तरी तिनी पाठ घामघाई वल्ली व्हती."

मी म्हणालो, आणि झेंडा? तो म्हणाला, चढापुरता जरासा वेळ. मी म्हणालो, दोन हातांचा माणूस तू, तीन कामं कशी करशील? तो हसला आणि सायकलला हवा मारून निघून गेला.

जानेवारीत चेलनाजींचा विहार पारोळ्याहून धुळ्याला निघाला. ज्योतीला खोकला होता. घरात बसून राहा म्हणून मी सांगितलं, तिने उलट मलाच काढा पिण्याचा सल्ला दिला. तिला धुळ्याला जायचंच होतं. विहार धुळ्याला पोचला की मेघा भेटणार होती, आणि तिने पोरीसाठी बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, भाजून, कुस्करणार नाहीत असे डब्यात रचून घेतले होते. डबा चुडामणच्या कॅरिअरला बांधला. निघताना चेलनाजींनी मांगलिक, म्हणजे त्यांच्यातला मंगलपाठ, म्हटली, सगळे हात जोडून उभे राहिले, मीही राहिलो. सूर्य उगवला होता, पण धुकं इतकं होतं की किल्ल्याचा बुरूज दिसत नव्हता. थोडं थांबा, असं कोणीतरी म्हणालं. शेठने बघितलं, रस्त्यावरचं येणारं-जाणारं दिसतंय म्हणाले, आणि निघाले.

धुळ्याच्या वाटेवर पुलाचा चढ लागला. धुकं विरळ झालं होतं. ज्योती खोकत होती, खोकला थांबवायला बघत होती म्हणून जास्तच येत होता. चुडामणने झेंडा कॅरिअरला खोचला, बिबड्यांच्या डब्याच्या बाजूला, आणि जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला.

केळीनं भरलेली पिकअप मागून आली. एका ट्रकला डावीकडून ओलांडायला तिने कडेला घेतलं, आणि कडेला ही तिघं होती. चुडामण म्हणतो, मला काही ऐकू आलं नाही, वारं आलं फक्त. हाताखाली पाठ होती आणि मग नव्हती. पिकअपचा आरसा त्याच्या बाहीला लागून गेला, बाही फाटली, कातडी खरचटली, बस. ज्योतीला तिने पुढे कठड्यापर्यंत नेलं. खुर्ची ज्योतीच्या हातातून सुटून बाजूला आडवी झाली आणि चेलनाजींचा हात आणि कंबर मोडली, पण त्या जगल्या. ज्योती जागच्या जागी गेली.

आणि सायकल पडली नाही. हे तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा. मी पडलो नाही आबा, पाय टेकून उभा राहिलो, डावा हात हँडलवर आणि उजवा समोर, जसा होता तसाच. पुढच्या साध्वी पळत मागे आल्या तेव्हाही तो हात तसाच समोर होता. एका साध्वीने त्याला सांगितलं, भाऊ, हात खाली घ्या.

मग पोलीस आले, पंचनामा झाला. झेंडा कॅरिअरला खोचलेला सापडला. गाडीवाल्याने सांगितलं, झेंडा दिसला नाही. खरंच होतं ते, दिसणार कुठून. आणि लागली लोकांची तोंडं. झेंडेवाल्याने झेंडा गुंडाळून ठेवला होता. हात दुखत असेल साहेबांचा. मोबाईल बघत असेल. शेठ फार सज्जन माणूस, त्यांनी मारे रागावून विचारलं नाही, शांतपणे विचारलं, चुडामणभाऊ, झेंडा वर का नव्हता? हा म्हणाला, चुकी झाली शेठ, हात भरून आला होता.

मेघा स्मशानातून आल्यावर दोन शब्दांपलीकडे काही बोलली नव्हती. दहाव्याच्या दिवशी नातेवाईक बसलेले असताना तिने सगळ्यांसमोर विचारलं, "पप्पा, झेंडा कुठे होता?"

तो खाली बघत राहिला. तिने परत विचारलं. मग ती उठली, आईचा डबा घेतला, सायकल पोलीस ठाण्यात नेता-आणताना त्यातल्या बिबड्यांचा चुरा झाला होता, तो तसाच घेतला आणि देवपूरला निघून गेली. नंतर फोन उचलेना. सणाला आली नाही. सुटीत मावशीकडे दोंडाईचाला राहिली.

माझी सटकली. मी त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, अरे येड्या, पोरीला सांग की तुझा हात कुठे होता. झेंडा खाली होता कारण हात तिच्या आईच्या पाठीवर होता, एवढं सांगायला तुझं तोंड काय शिवलंय? तो म्हणाला, आबा, महासतीजी दवाखान्यात आहेत, हाडं मोडलीत. हे त्यांच्या कानावर गेलं तर त्या अन्न सोडतील. ज्योतीने वचन घेतलंय. मी म्हणालो, ज्योती गेली. तो म्हणाला, म्हणूनच. मी पुष्कळ बोललो, शिव्याही दिल्या. शेवटी त्याने माझ्याकडूनही कबूल करून घेतलं की मी बोलणार नाही. मेलेल्या बाईच्या शब्दापुढे मी तरी काय बोलणार होतो?

तो शेठच्या गोदामावर राखण बसू लागला. सायकल चालवायचा, पण दोन्ही हातांनी, घट्ट धरून, पहिल्या दिवसासारखी. एकदा पोळ्याच्या आधी त्याने दुकानासमोर उजवा हात सोडून बघितला आणि पडला. गुडघ्यावरच पडला. मी उचलायला गेलो तर म्हणाला, असू द्या, जमत नाही आता.

चेलनाजी बऱ्या झाल्या, पण पुढे प्रवास झाला नाही. पावसाळ्याचे चार महिने त्या धुळ्याच्या स्थानकातच होत्या; साध्वींच्या मुक्कामाच्या जागेला त्यांच्यात स्थानक म्हणतात. पर्युषणाच्या शेवटी त्यांच्यात क्षमा मागायचा दिवस असतो. लहान मोठ्याची मागतो, मोठा लहानाची मागतो, साध्वीही मागतात. शेठ टपरीवर येऊन म्हणाले, महासतीजींनी चुडामणला बोलावलंय, आणि त्याच्या मुलीलाही. तो एकटा यायचा नाही, तुम्ही घेऊन या. मी त्याला घेऊन एसटीने धुळ्याला गेलो. मेघा स्थानकाच्या दारात उभी होती. कोणीतरी तिलाही आणलं होतं. तिने मला नमस्कार केला, बापाकडे बघितलं नाही.

आत माणसं दाटीने बसली होती, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. चेलनाजी पाटावर, मागे भिंतीचा आधार. फार वाळल्या होत्या. तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती, त्यामुळे बोलायला लागल्या तेव्हा आधी कळेना कोण बोलतंय. लोक एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत होते, त्यांनी हात वर केला आणि सगळे थांबले. त्यांनी चुडामणला पुढे बोलावलं. तो लंगडत गेला आणि पुरुषांच्या ओळीच्या टोकाला उभा राहिला. त्यांनी त्याच्यासमोर दोन्ही हात जोडले.

त्या म्हणाल्या, "चढ आला की ज्योतीचा श्वास मोठा व्हायचा. मग खुर्ची एकदम हलकी व्हायची. हात कोणाचा होता, ते मला माहीत होतं. दर चढाला माहीत होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हात काढावा लागला असता. लोक म्हणतात याने झेंडा टाकला. झेंडा माझ्यामुळे खाली होता. त्याचं प्रायश्चित्त मी घेतलंय. पण तुझी क्षमा मला मागायची आहे, भाऊ."

मी मेघाकडे बघितलं. ती बायांमध्ये बसली होती, तिने तोंडावर ओढणी धरली होती आणि पहिल्यांदाच ती बापाकडे बघत होती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, खोटं कशाला बोलू. वाटलं, सुटला. आता हा हात जोडेल, क्षमा म्हणेल, पोरगी उठून याच्या गळ्यात पडेल. शेठही डोळे पुसत होते.

चुडामण म्हाताऱ्या साध्वीकडे बघत राहिला. मग आमच्या बोलीत म्हणाला, म्हणजे त्यांच्याच माहेरच्या बोलीत.

"मंग ती थकेल व्हती, हाई तुम्हले समजे."

चेलनाजींनी मान हलवली.

"समजे. तरी तुम्ही तिले एक डाव बी थांब नही सांगं."

त्याचा आवाज चढला नाही. चेलनाजींचे जोडलेले हात तसेच राहिले. तो वळला आणि माणसांमधून वाट काढत बाहेर आला. शेठ त्याच्या मागे दोन पावलं आले आणि थांबले. क्षमा त्याने दिली नाही. मला विचाराल तर देणार तरी कशी? इतके महिने तो समजत होता की ज्योती दमली होती, हे जगात त्याला एकट्याला ठाऊक आहे. तिचा खोकला, तिचा श्वास, ओली पाठ, सगळं त्याने एकट्याने ऐकलं, म्हणून त्याने हात लावला. आणि खुर्चीत बसलेली तीही ऐकत होती.

मेघा आमच्या मागे एसटी स्टँडवर आली. कोणी तिला ये म्हटलं नव्हतं. पारोळ्यापर्यंत ती बापाच्या बाजूला बसली. मी मागच्या सीटवर होतो, एकदा तिने त्याची फाटून शिवलेली बाही चिमटीत धरून बघितली, एवढंच.

चुडामणची सायकल माझ्या टपरीशी लावलेली होती. त्यांचं घर तिथून पुढे, किल्ल्याकडच्या चढावर. मेघा बॅग खांद्यावर घेऊन पायी पुढे निघाली, आणि तो सायकलवर तिच्या मागे, तिच्या चालीने, कारण त्याला चढ पायी चढवत नाही. मी कुलूप उघडत होतो, तसाच बघत उभा राहिलो. पोरगी आईसारखीच चालते, मान थोडी खाली घालून. चढ लागला तशी तिची चाल मंदावली, बॅग जड होती. त्याचा उजवा हात हँडलवरून सुटला. सायकल हलली नाही, पडली नाही. हात पुढे गेला, तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर आला, आणि तिथेच थांबला.

मी मनात म्हणालो, लाव रे, लाव.

मागे कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला. त्याने झटकन हात मागे घेतला, दोन्ही हातांनी हँडल धरलं, आणि पाय टेकला. मेघा पुढे चालत राहिली. ती वळणाआड गेली तरी तो रस्त्याच्या मधोमध तसाच उभा होता, मागे तोंड करून, येणाऱ्या गाडीकडे बघत.